डाव्या हाताचं बटण

माझ्या सख्ख्या मामाने माझ्या आईला फसवलं. एका हिरव्या पुश बटणाने फसवलं, आणि ते बटण आमच्याच घरात, आमच्याच परातीत जोडलं गेलं होतं. त्यात तिच्या कारखान्याच्या शेठचाही हात होता, पण शेठ परका माणूस, त्याच्याकडून मी कधी कसली अपेक्षा ठेवली नाही. मामा तिचा मोठा भाऊ. तो अजून आहे. बाळकुमला उंच इमारतीत राहतो, सकाळी खाली बागेत फेऱ्या मारतो, दात स्वतःचे आहेत आणि कानही शाबूत आहेत. म्हणून हे लिहितेय. बहिऱ्या माणसासाठी मी एवढा वेळ घालवला नसता.

आम्ही तेव्हा कोपरीत राहायचो. दोन खोल्या, त्यातल्या मागच्या खोलीत स्वयंपाक, मोरी आणि पाण्याचं पिंप. अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर. त्यांच्या गाड्या मुक्कामी, त्यामुळे ते घरी असायचे तेव्हा झोपलेले असायचे, आणि आम्ही सगळे कुजबुजत बोलायचो. आई वागळे इस्टेटमधल्या एका शेडमध्ये पॉवर प्रेसवर होती. तिथे दारांच्या बिजागऱ्या बनायच्या. मामा त्याच शेडमध्ये मेंटेनन्स फिटर. त्यानेच आईला तिथे चिकटवलं होतं, आणि संध्याकाळी घरी बसून बटणं जोडायचं कामही त्यानेच डोंबिवलीच्या एका कारखान्यातून आणून दिलं होतं. हे त्याचे दोन उपकार आमच्या घरात सतत बोलून दाखवले जात. तो स्वतः कधी बोलला नाही, आईच बोलायची. डाळ शिजली नाही तरी आई म्हणायची, "दादा नसता तर ही डाळपण नसती."

शनिवारी मामा स्कूटरवरून यायचा. पायाशी एक गोणपाटाची पिशवी, तिच्यात बटणांचे सुटे भाग. पिशवी परातीत रिकामी केली की खळ्ळकन आवाज व्हायचा आणि अण्णा कूस बदलायचे. टोप्या, स्प्रिंगा, पितळी पट्ट्या, प्लॅस्टिकची घरं, बाहेरून आवळायच्या गोल चकत्या. आई स्टोव्हपाशी, मी परातीपाशी, असं आमचं संध्याकाळचं बसणं ठरलेलं. भाकरीचं पीठ मळून झालं की आई हात धुऊन येऊन बसायची. स्प्रिंगा फार छळायच्या. जरा बोट सुटलं की उडून कुठेही जायच्या. पिठाच्या डब्यात स्प्रिंग सापडायची, अण्णांच्या बुटात सापडायची, एकदा कुळथाच्या पिठल्यात सापडली तेव्हा अण्णांनी ती बोटाने उचलून नुसती ताटाच्या कडेला ठेवली आणि जेवत राहिले. मला एका जागी बसायची सवय लागली नाही ती या कामामुळेच. दर थोड्या वेळाने उठून काहीतरी शोधत फिरायचं. आजही फोनवर भाव ठरवताना मी खुर्चीत बसत नाही. समोरच्या पार्टीला वाटतं बाई चिडलीय. बऱ्याचदा चिडलेलीच असते.

मला बटणं मामाने शिकवली, हे मला नाकारता येत नाही. बटण म्हणजे दाबलं की चालू, एवढंच लोकांना वाटतं, मलाही वाटायचं. त्याने पहिल्याच शनिवारी दोन हिरवी बटणं माझ्या तळहातावर ठेवली. बाहेरून दोन्ही सारखी, जुळी म्हणावीत अशी. "दाब," म्हणाला. पहिलं दाबलं, आत गेलं, बोट उचललं तसं स्प्रिंगने टक्कन वर आलं. दुसरं दाबलं, ते आतच बसलं. पुन्हा दाबलं तेव्हा कुठे बाहेर आलं.

"पहिलं मोमेंटरी," मामा म्हणाला. "बोट आहे तोवरच काम. दुसरं लॅचिंग. एकदा बसलं की बसलं, परत ढकलल्याशिवाय उठत नाही."

आई भाकरी थापत होती. तिने मागे न बघताच विचारलं, "म्हणजे एक पाहुणा आणि एक घरजावई?"

मामा इतका हसला की त्याला ठसका लागला. तेव्हापासून आमच्या घरात बटणांची हीच नावं चालली. पाहुण्याच्या पोटात एक सरळ स्प्रिंग, बस. घरजावयाच्या पोटात बदामाच्या आकाराची खाच असते, तिच्यात तारेची बारीकशी आकडी चिमट्याने बसवावी लागते. दाबलं की आकडी खाचेतून फिरून वर अडकते, पुन्हा दाबलं की सुटते. पाहुण्याचा आवाज एकच, कोरडा. घरजावई दाबला की मोठ्या टक्क आवाजापाठोपाठ एक बारीक टिक् ऐकू येतो, तो आकडी अडकल्याचा. डोळे मिटून मी कुठलं बटण आहे ते सांगायचे आणि मामा शेजाऱ्यांना बोलावून हा खेळ दाखवायचा.

मग त्याने दुसरी वाटणी शिकवली, एनओ आणि एनसी. एनओमध्ये हात लावेपर्यंत आतल्या पट्ट्या एकमेकींपासून लांब, करंट जात नाही. दाबलं की जुळतात. एनसी उलटं. पट्ट्या आधीपासून जुळलेल्या, करंट वाहतोय, दाबलं की तुटतो. मशीन सुरू करायचं हिरवं बटण एनओ, थांबवायचं लाल बटण एनसी. मी विचारलं, लालसुद्धा एनओ का नाही करत, आपल्याला जोडायला सोपं पडेल. मामाने हातातली भाकरी खाली ठेवली.

"आणि लाल बटणाची वायर कुठेतरी तुटली तर? एनओ असेल तर दाबत बस, मशीनला कळणारच नाही. एनसी असेल तर वायर तुटल्याबरोबर मशीन आपोआप उभं राहील. थांबायच्या बटणाने कधी दगा देता कामा नये, शैले."

हे त्याचे शब्द. छत्रीसारख्या मोठ्या लाल डोक्याच्या बटणाला मशरूम म्हणतात, घाबरलेल्या माणसाला नेम धरायला वेळ नसतो म्हणून ते एवढं मोठं, तळव्याने नाहीतर कोपराने कसंही मारावं, मारलं की ते बसतं आणि पिळून सोडवल्याशिवाय मशीन सुरू होत नाही, हेही त्याचंच. आत दिवा असलेली बटणं, किल्लीने फिरणारी बटणं, सगळं त्याने मला आमच्या ओट्यापाशी बसून सांगितलं. आज माझ्या कारखान्यात इंजिनियर झालेली मुलं येतात, त्यांना मी हेच आणि याच शब्दांत सांगते. डोंबिवलीत एमआयडीसीत माझ्या कंट्रोल पॅनेलना नाव आहे ते त्याच्यामुळे आहे, असं कोणी म्हणालं तर मी गप्प बसते. माझा राग यासाठीच जास्त आहे. ज्याला कळत नव्हतं त्याने केलं असतं तर मी केव्हाच सोडून दिलं असतं.

आईच्या प्रेसवर दोन हिरवी बटणं होती, एक डाव्या हाताला, एक उजव्या. इस्टेटमधल्या बहुतेक प्रेस तेव्हा पायाने चालायच्या. आमच्या शेठकडून माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीने अट घातली म्हणून त्याने ही बटणं बसवली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचा. दोन्ही बटणं एकदम दाबली तरच वरचा साचा खाली यायचा. कारण सरळ आहे. दोन्ही हात बटणांवर असतील तर साच्याखाली कुठला हात जाणार? त्यासाठी दोन्ही बटणं पाहुणी हवीत. हात उचलला की ती वर आलीच पाहिजेत. पण त्यात वेळ जायचा. पत्रा ठेवा, दोन्ही हात बटणांवर न्या, दाबा, बिजागरी काढा, पुन्हा पत्रा ठेवा. आई म्हणायची, शेठ पाठीशी उभा राहून जिभेने चक् चक् करतो.

तो रविवार मला नीट आठवतो, कारण आईने तिसऱ्यांचं सुकं केलं होतं. खाडीवरून येणारी कोळीण दाराशी बसली होती, तिच्याशी घासाघीस मी केली होती आणि शेवटी वर दोन मुठी जास्त घेतल्या होत्या. मामाला तिसऱ्या फार आवडायच्या. शिंपल्या चोखून त्याने ताटाशेजारी ढीग केला, हात धुतले, आणि परातीपाशी उकिडवा बसून बटणं चाळायला लागला. एक उचललं, दाबलं. टक्क, टिक्. ते खिशात टाकलं.

"मामा, ते कशाला?"

"घरी लागतंय. बेलला."

"बेलला घरजावई? मग बेल वाजतच राहील की!"

तो हसला. "फार शहाणी झालीस गं. बेलला नाही, पलंगाजवळच्या दिव्याला."

"मग त्याच्या बदल्यात काय देणार? आपल्याला मोजून परत द्यायचेत. एक कमी पडलं तर माझ्यावर येईल."

आईने लाटण्याने ओट्यावर टक्टक केलं. "शैले! मामाची उलटतपासणी घेतेस? त्याच्यामुळे आलेलं काम आहे ते. घे रे दादा, दोन घे."

"एकच बास," मामा म्हणाला.

मला लोक विचारतात, एवढी चिकित्सा करायला कुठे शिकलात. त्या ओट्यापाशी शिकले. प्रश्न मी बरोबर विचारला होता. पहिलं उत्तर खोटं निघालं हेही मला कळलं होतं. पण आमच्या घरात मामाला दुसरा प्रश्न विचारायची पद्धत नव्हती.

त्यानंतर आई जरा हलकी दिसायला लागली. खांदे दुखत नव्हते. विचारलं तर म्हणायची, काम सोपं झालंय, दादाने काहीतरी करून दिलंय. बिजागऱ्या भराभर निघत होत्या, शेठ चक् चक् करत नव्हता. आम्हाला तेवढंच दिसत होतं.

मग एका दुपारी शेडमधली एक बाई धापा टाकत आमच्या दाराशी आली आणि म्हणाली, "सुमनताईंचा हात." एवढंच म्हणाली आणि उंबऱ्यावर बसली. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आईच्या डाव्या हाताला पांढरा मोठा गोळा बांधलेला होता. तर्जनी आणि मधलं बोट गेलं होतं. ती शुद्धीवर होती. रडत नव्हती. मला म्हणाली, "डबा तिथेच राहिलाय गं. आणि चपला. कोणीतरी उचलून नेईल." मला तिथे उभं राहवत नव्हतं, म्हणून लगेच निघाले. चालत, जवळजवळ पळतच गेले. तीन पेट्रोल पंप नाक्याच्या पलीकडून वागळेपर्यंत सगळा रस्ता मी मनातल्या मनात शेठला शिव्या घालत होते, आणि शिव्याही कमी पडत होत्या.

शेडमध्ये सगळी मशीन बंद होती. इतकी शांतता मी तिथे कधी ऐकली नव्हती. आईच्या प्रेसपाशी मामा पाठमोरा बसला होता. बटणांचा डबा उघडा, वायरी बाहेर, हातात स्क्रू ड्रायव्हर. त्याने डाव्या बाजूचं बटण काढलं आणि सवयीने अंगठ्याने एकदा दाबलं.

टक्क, टिक्.

मला काही बघावं लागलं नाही.  त्याने खिशातून दुसरं हिरवं बटण काढून तिथे बसवलं. ते दाबून बघितलं. कोरडा, एकच आवाज. मग त्याला माझी चाहूल लागली.

"तू कशाला आलीस?"

"डबा न्यायला." मी काढलेल्या बटणाकडे बोट दाखवलं. "मामा, ते आमचं बटण आहे. दिव्याला नेलेलं."

"शैले, डबा घे आणि नीघ."

"तू डाव्या हाताला घरजावई बसवलास. म्हणजे आई नुसत्या उजव्या हाताने…"

"हळू!" त्याने दाराकडे बघितलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. हाताला ग्रीसचा वास होता. "शेठने सांगितलं होतं. मी नोकर माणूस आहे. आत्ता तोंड उघडशील तर तुझा मामा तुरुंगात जाईल. चालेल? चालेल तुला?"

मी चपला घेतल्या, डबा घेतला. डब्यात अर्धी भाकरी आणि लोणच्याची फोड तशीच होती. त्या बटणाच्या कडेने मी नख घालून बघितलं होतं, हजारदा, आमच्या परातीत. टोपी आणि चकतीच्या मधे नखही जात नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे जे सांगितलं गेलं ते असं, की आईने त्या फटीत काडी अडकवली होती.

अपघाताची चौकशी करणारे सरकारी साहेब दोन दिवसांनी हॉस्पिटलमध्ये आले. सभ्य माणूस होता. टोपी काढून स्टुलावर बसला. त्यांच्या आधी मामा येऊन गेला होता, आणि मला खालून चहा आणायला पाठवून आईशी बोलला होता.

"बाई, डावं बटण दाबलेलं कसं राहिलं?"

"मी काडी घातली होती साहेब. काड्यापेटीची."

"कोणी सांगितलं तसं करायला?"

"कोणी नाही. माझंच डोकं."

"आई!" मी पुढे झाले. तिने उजव्या हाताने माझं मनगट धरलं. ती पकड मला अजून जाणवते. त्या हाताने ती दिवसभर प्रेस दाबायची. "पाणी आण गं साहेबांसाठी," ती म्हणाली. पाणी घेऊन आले तोवर साहेब उठले होते. त्यांनी शेडमध्ये जाऊन बटण दाबून बघितलं असेल, ते टक्कन वर आलं असेल. काम संपलं.

हे लिहिताना मी आत्ता उठून बाल्कनीत जाऊन आले. खाली कोणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत बसलाय, त्याला ओरडून आले. सून म्हणते, आई, हे असलं लिहू नका, बीपी वाढतं. मी तिला म्हटलं, न लिहिता इतकी वर्षं काय कमी झालं होतं का?

आई घरी आली. अण्णांनी रजा काढली, चहा करायला शिकले, आणि एकही शब्द बोलले नाहीत. बायकोच्या भावाबद्दल बोलायचं नाही असा त्यांचा नेम होता, तो त्यांनी मोडला नाही. भाकरी ही त्या घरातली सगळ्यात अवघड गोष्ट झाली. डाव्या हाताने पिठाचा गोळा फिरवत ठेवावा लागतो, तिथे बोटंच नव्हती. भाकरी एका बाजूने जाड आणि दुसरीकडे चिरलेली व्हायची. आई ती तव्यावर टाकायची आणि मला म्हणायची, "बघू नकोस माझ्याकडे. बटणं कर."

बटणं करताना मला ते सापडलं. मामाने ते परातीत परत टाकलं होतं, हिशेब पूर्ण भरावा म्हणून असेल. आम्ही जोडलेल्या बटणांचे स्क्रू कोरे असायचे, याच्या स्क्रूला आवळल्याचे ओरखडे होते आणि खाचेत ग्रीस. मी ते आईपुढे धरलं. तिने ते घेतलं, दाबलं, आत बसू दिलं, पुन्हा दाबून बाहेर काढलं.

"टाक त्यात," म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"मी तिथे उभी होते शैले. सकाळी एकदा दाबायचं, सुट्टीला परत दाबायचं. मला नाही माहीत होणार? दादा म्हणाला नवीन पद्धत आहे, कंपनीने मान्य केलीय, काही होत नाही. दादा म्हणाला म्हणजे झालं."

"मग काडी कुठून आली?"

तिने बटण स्वतःच परातीत टाकलं. "त्याची पोरं लहान आहेत," म्हणाली. "माझी दोन बोटं गेली, ती काय परत येणारेत? तो म्हणालाय, सगळं मिटलं की घरच्यांना तरी खरं सांगेन. माझं नाव खराब होऊ देणार नाही म्हणालाय."

मला ते पुरेसं नव्हतं. उधारीवर दिलेल्या शब्दावर मी तेव्हाही विश्वास ठेवत नव्हते. मामा तेव्हा डोंबिवलीला राहायचा. मी तशीच त्याच्याकडे गेले. मामीने दार उघडलं, माझा चेहरा बघून आत चहा करायला गेली. मामा आरामखुर्चीत पेपर वाचत होता. मी बसले नाही.

"आईला तू शब्द दिलायस. कधी सांगणार?"

"मिटू दे गं सगळं."

"कधी?"

"तू काय वसुलीला आलीस?"

"हो."

त्याने पेपर घडी केला. मी त्याला दिवस ठरवायला लावला. आधी म्हणाला पुढच्या वर्षी, मी म्हटलं नाही. म्हणाला गणपतीत गावी, मी म्हटलं गावी सगळे नसतात. शेवटी भाऊबीज ठरली. भाऊबीजेला आमच्या कोपरीच्या घरी दोन्ही मावश्या, काका, सगळी पोरं जमायची. तिथे सर्वांसमोर सांगायचं, की सुमनने काडीबिडी काही घातली नव्हती. शेठचं नाव घे नाहीतर नको घेऊस, पण काडी नव्हती एवढं सांग. "देवाशप्पथ," मामा म्हणाला. मी चहा पिऊन परत आले. आयुष्यातला पहिला मोठा सौदा मी जिंकला असं मला वाटत होतं.

मधल्या काळात शेठने मामाला सुपरवायझर केलं. आईला पुन्हा प्रेसवर घेतलं नाही. निष्काळजी बाई नको, असं शेडमध्ये सगळ्यांना सांगितलं.

भाऊबीजेला घरात पाय ठेवायला जागा नव्हती. चकलीचा वास, कानठळ्या बसवणारी पोरं, मोरीपाशी भांड्यांचा ढीग. आईने नवी साडी नेसली होती. मामा पाटावर बसला, डोक्यावर रुमाल घेतला. आईने ओवाळणीचं ताट उचललं. उजव्या हाताने धरलं होतं आणि डावा हात खालून नुसता टेकवला होता.  सगळे गप्प झाले. मी समोरच उभी होते आणि मामाच्या ओठांकडे बघत होते. हीच वेळ होती.

थोरल्या मावशीने पदर डोळ्यांना लावला. "काय गं सुमे, कशी बुद्धी झाली तुला, त्या मशीनमध्ये काडी घालायची?"

मामाने ओवाळून घेतलं. आईच्या ताटात पाकीट ठेवलं. आणि म्हणाला, "सोड गं. आमची सुमी लहानपणापासून धांदरट. विहिरीवर गेली की कळशी आत टाकून यायची. आम्ही गळ टाकून काढायचो, आठवतं?"

सगळे हसले. आईसुद्धा हसली. हलकं हसू, बरं वाटल्यासारखं.

"काडी कुठल्या फटीत घातली होती, मामा?" मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. "तू फिटर आहेस ना, सांग ना सगळ्यांना. किती जाडीची फट असते?"

 मामाने आईकडे बघितलं. आई माझ्याकडे वळली आणि त्याच डाव्या हाताने, होती तेवढ्या बोटांनी, तिने माझ्या तोंडात मारली. लागलं नाही. पण त्या हाताने तिने मला त्याआधी कधीच मारलं नव्हतं. "मोठ्यांच्या मधे बोलायचं नाही," ती म्हणाली. मग मामाला म्हणाली, "दादा, फराळ घे."

त्या दिवसानंतर काडीची गोष्ट घराण्याची झाली. लग्नात, बारशाला, कोणी धांदरटपणा केला की "सुमनआत्याची काडी" म्हणायचे. मामाची मुलं म्हणायची, मामा स्वतः सांगायचा, आणि दर खेपेला गोष्टीत भर पडायची. एकदा तर काडीची उदबत्ती झाली होती. आई ऐकून घ्यायची. मी प्रत्येक वेळी उठून बाहेर जायचे. पुढे मी शिकले, धंदा उभा केला, कोणाचं ऐकून घेतलं नाही. पण ज्या घरात ती गोष्ट सुरू होईल तिथून मला उठावं लागायचं, हे बदललं नाही.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. दहाव्याला मामा काठी टेकत आला. भटजी यायचे होते, माणसं बसली होती. त्याने उसासा टाकला आणि नातजावयाला सांगायला लागला, "हिचा हात पाहिला होता का कधी? फार धांदरट बाई. मशीनमध्ये काडी घातली होती बघा…" मी तिथेच होते. त्या दिवशी मी काही बोलले नाही, कारण आईचं पान वाढायचं होतं.

आता गेल्या आठवड्यात मामाच्या मुलाचा फोन आला. बाबांचं सहस्रचंद्रदर्शन करतोय, माजिवड्याला हॉल घेतलाय, सगळे नातेवाईक येणार, बाबा दोन शब्द बोलणार, शैलाताई, तूही ये. शेठ जाऊन जमाना झाला. सरकारी साहेब कुठे असतील देव जाणे. आणि मामा, आईने तर खरं सांगायचा हक्कच तुझ्या हवाली केला होता. म्हणजे आता सांगू शकेल असा माणूस एकच उरलाय, मामा, आणि तो तू आहेस.

म्हणून इथे छापून विचारतेय, म्हणजे मला मधेच पाणी आणायला पाठवता येणार नाही. डावं बटण कोणी बदललं? कोणाच्या सांगण्यावरून? आणि काडीची गोष्ट पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघाली? तुरुंगाची भीती आता नाही, नोकरीची नाही, पोरं तुझी मोठी झाली. मला भरपाई नको, माफी नको, माझ्या पाया पडलास तर मी पाय मागे घेईन. त्या हॉलमध्ये, माइक हातात असताना, हसू येईल असं काही न जोडता एकच वाक्य म्हण, की माझ्या बहिणीने काडी घातली नव्हती. मी पहिल्या रांगेत बसणार आहे, आणि या वेळी उठून बाहेर जाणार नाही. बोल.